होशंगाबादचे बाल-वैज्ञानिक

‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ हे वचन आपल्याकडे बहुधा थट्टेने उच्चारले जाते. परंतु शाळेच्या वर्गात आजही बऱ्याच अंशी त्याचेच राज्य चालते. पुस्तकात छापले, गुरुजींनी वाचून दाखविले, विद्यार्थ्याने घोकले आणि परीक्षेत उतरवून काढले, की विद्येचे वर्तुळ पूर्ण झाले असे समजण्यात येते. इतिहास-भूगोलात हे एक वेळ खपून जाईल. पण ज्या शास्त्राचा जन्मच ‘पाहिल्यावाचून मानणार नाही’ या हट्टातून झाला, ते विज्ञानही आपण याच रीतीने शिकवीत आलो आहोत. पाणी १०० अंशांवर उकळते हे वाक्य लक्षावधी मुलांना तोंडपाठ असते. तथापि उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून पाहण्याची संधी त्यांतील किती मुलांना मिळते? इंदूरसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील शहरात एखाद्या मुलाने तो खरोखरच धरला, तर पारा ९८ अंशांच्या आसपासच थबकलेला त्याला दिसेल. मग प्रश्न उभा राहतो : पुस्तक चुकले, की थर्मामीटर चुकला, की आपले डोळे चुकले? हा प्रश्न मुलाच्या मनात उठणे आणि त्याचे उत्तर कसे शोधावे हे त्याला ठाऊक असणे, यालाच संशोधनाची पहिली पायरी म्हणावयाचे.

ही पायरी शालेय वयात चढता येते काय, हा वाद शंभराहून अधिक वर्षांचा आहे. इंग्लंडमध्ये तो पेटविला हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनशास्त्रज्ञाने. शाळांतून रसायनशास्त्र म्हणजे द्रव्यांची नावे व त्यांचे गुणधर्म पाठ करणे, एवढाच अर्थ उरला आहे असे पाहून त्याने १८८० नंतरच्या दशकात त्यावर टीकेची झोड उठविली. मुलांना शोध सांगू नका, त्यांना शोधकाच्या जागी उभे करा, हे त्याच्या शिकवणीचे सार होते. लोखंड गंजते तेव्हा त्याचे वजन वाढते की घटते? खडू भाजला असता त्यातून काय निघून जाते? असे साधे प्रश्न घेऊन मुलांनी स्वतः तराजू हाती धरावा, वजने करावीत, जे दिसले ते आपल्या शब्दांत लिहावे आणि मगच अनुमान काढावे, असा त्याचा आग्रह होता. ‘मला सापडले’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून या पद्धतीला ‘ह्युरिस्टिक’ असे नाव पडले.

आर्मस्ट्राँगची पद्धत गाजली, आणि तिच्यावर आक्षेपही तितकेच आले. प्रत्येक गोष्ट मुलाने स्वतः शोधावयाची म्हटली, तर शतकानुशतके साठत आलेले ज्ञान त्याच्या पदरात केव्हा पडावे? अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, ब्रिटिश सरकारच्या विज्ञान-शिक्षण समितीनेही या पद्धतीच्या अतिरेकावर बोट ठेवले. ‘वेळ फार लागतो आणि माहिती कमी मिळते’ हा आक्षेप नीट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण तो पुढे हजारो मैल दूर, नर्मदेच्या काठी, जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा ऐकू येणार होता.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे विज्ञान-शिक्षणाचे महत्त्व सर्वांनी मान्य केले. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात विज्ञानाला अग्रस्थान दिले. परंतु खेड्यातील माध्यमिक-पूर्व शाळेत प्रयोगशाळा नव्हतीच. आणि जेथे काही उपकरणे होती तेथे ती फुटण्याच्या भयाने कपाटात कुलूपबंद असत. याच सुमारास मुंबईच्या महानगरपालिकेच्या काही शाळांतून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने, प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा एक उपक्रम सुरू झाला होता. शहरात जे जमते ते खेड्यात, सरकारी शाळेत आणि नेहमीच्या शिक्षकांकडून जमेल काय, ही शंका स्वाभाविक होती. तिचे उत्तर शोधण्याचे ठिकाण ठरले मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्हा.

नर्मदेच्या दक्षिण तीरावरील हा जिल्हा आता नर्मदापुरम् या नावाने ओळखला जातो. इटारसीच्या जंक्शनामुळे मराठी प्रवाशालाही तो अपरिचित नाही. होशंगाबादला लागून असलेल्या रसूलिया येथे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ ही क्वेकर पंथीयांची जुनी संस्था होती. आणि बनखेडी भागात ‘किशोर भारती’ ही नवी संस्था, टाटा संस्थेतील संशोधनकार्य सोडून खेड्यात आलेले डॉ. अनिल सद्गोपाल यांनी उभारली होती. या दोन संस्थांनी राज्य शासनाची अनुमती मिळवून १९७२ साली जिल्ह्यातील १६ माध्यमिक-पूर्व शाळांत, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान-शिक्षणाचा नवा उपक्रम सुरू केला. या शाळा निवडक नव्हत्या. शिक्षकही नेहमीचेच होते, आणि त्यांतील कित्येकांनी स्वतः विज्ञान शिकलेले नव्हते. पुढे दिल्ली विद्यापीठातील व देशातील अन्य संस्थांतील प्राध्यापक आणि संशोधक या कार्यात येऊन मिळाले; उन्हाळ्याच्या सुटीत ते रसूलियाला येत आणि खेड्यातील शिक्षकांच्या मांडीला मांडी लावून तेच प्रयोग स्वतः करीत.

पहिली अडचण साधनांची. ती दूर करताना जी दृष्टी ठेवण्यात आली ती या उपक्रमाची खूणच बनली. फुलाची चिरफाड करण्यास टोकदार सुई हवी. ती नसेल तर बाभळीचा काटा काय वाईट? काचेची नळी जोडावयास रबरी नळी हवी. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कोणत्याही दुकानात मिळते. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या परीक्षानळीचे काम देतात, आणि आम्ल-अल्कली ओळखण्यास घरातील हळद व दारातील जास्वंद पुरेशी होते. जे साधन गावात मिळते ते मोडण्याचे भय मुलाला वाटत नाही. आणि शास्त्र ही कपाटातील वस्तू नसून भोवतालच्या जगाकडे पाहण्याची रीत आहे, हेही न सांगता त्याला उमगते.

‘बाल वैज्ञानिक’ या नावाने तिन्ही इयत्तांसाठी जी पुस्तके तयार झाली, त्यांची घडण सर्वस्वी निराळी होती. त्यांत उत्तरे जवळजवळ नव्हती. होत्या त्या कृती आणि प्रश्न. चार-चार मुलांचा गट करावयाचा, त्या गटाने प्रयोग करावयाचा, दिसले ते वहीत मांडावयाचे आणि मग सर्व वर्गाने मिळून चर्चा करावयाची, असा क्रम असे. पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग मुलाने आपल्या वहीत लिहावयाचा, असे म्हटले तरी चालेल.

या पाठांतून संशोधनाची एकेक कला कशी शिकविली जात असे, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रारंभ मापनाचा. वर्गातील फळा आपापल्या वितीने मोजा, असे सांगितले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. त्यावरून ठरावीक मापाची आवश्यकता आपोआप पटते. नंतर पट्टी हाती येते; पण मौज अशी की पट्टीने मोजूनही सर्वांची उत्तरे तंतोतंत जुळत नाहीत. कोणाची पट्टी किंचित सरकते, कोणी तिरके पाहतो, कोणाच्या पट्टीचे टोक झिजलेले असते. नेहमीच्या वर्गात येथे गुरुजी ‘बरोबर उत्तर’ सांगून मोकळे होतील. होशंगाबादच्या पद्धतीत मात्र सर्व गटांची मापे फळ्यावर मांडली जात, कोणते माप किती जणांचे आले याचा स्तंभालेख काढला जाई आणि मापांत घट-बढ होणारच, ती ओळखून तिला आवर कसा घालावा, याची चर्चा होई. मोजणीतील चढउतार म्हणजे लबाडी नव्हे, तो मापनाचा धर्मच आहे, हे सत्य पदवीच्या वर्गात उशिरा कळते. येथे ते बारा वर्षांच्या मुलाला कळत होते.

दुसरी कला वर्गीकरणाची व त्यातून नियम शोधण्याची. मुलांनी शेतातून, बांधावरून निरनिराळी रोपे मुळांसकट आणावयाची आणि पानांचे व मुळांचे गट पाडावयाचे. गहू, ज्वारी, मका यांच्या पानांतील शिरा समांतर धावतात आणि त्यांची मुळे झुपकेदार असतात. हरभरा, तूर, कापूस यांच्या पानांत शिरांचे जाळे असते आणि मूळ सोटासारखे खाली उतरते. हे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले, की पान आणि मूळ यांतील नाते मुलांच्याच ध्यानात येते. मग पुढचा टप्पा : आता रोप न उपटता केवळ पान पाहून मूळ कसे असेल ते सांगा, आणि नंतर उपटून पडताळा पाहा. निरीक्षण, नियम, भाकित आणि पडताळा ही संशोधनाची चौकट एवढ्या एका पाठात पुरी होते. ज्या शेतकऱ्याच्या मुलाने जन्मभर हीच रोपे पाहिली, त्याला आपण पाहत होतो पण निरखत नव्हतो याची जाणीव व्हावी, यातच त्या पाठाचे यश होते.

तिसरी आणि सर्वांत मोलाची कला म्हणजे तुलना. बीज रुजण्यास पाणी लागते, हे कोणीही सांगेल. परंतु ते सिद्ध करावयाचे तर पाणी दिलेल्या बियांबरोबर पाणी न दिलेल्या बियाही ठेवल्या पाहिजेत आणि बाकी सर्व परिस्थिती सारखी राखली पाहिजे. यास या पुस्तकांत ‘तुलना का प्रावधान’ असा सुटसुटीत शब्दप्रयोग योजिलेला होता. शेणात अळ्या आपोआप पडतात, ही समजूत खेड्यापाड्यांत सर्वत्र आढळते. ती खोटी आहे असे फर्मावण्यात काय हशील? एका बाटलीतील ताजे शेण माश्यांसाठी उघडे ठेवा, दुसरीचे तोंड फडक्याने बांधा आणि रोज पाहून नोंद करा, एवढे सांगितले की पुरे. इटलीतील फ्रान्सेस्को रेदी या वैद्याने १६६८ साली मांसाच्या तुकड्यांवर असाच प्रयोग करून जुन्या समजुतीला हादरा दिला होता. उघड्या बाटलीत अंडी, अळी, कोष आणि माशी अशी परंपरा उलगडताना ज्या मुलाने पाहिली आणि झाकलेल्या बाटलीत ती दिसली नाही, त्याला पुन्हा पटवून देण्याची गरज राहत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? शिवाय ‘दुसरी बाटली कोठे आहे?’ असे विचारण्याची सवय त्याला लागते, आणि ती सवय भोंदू वैद्याच्या औषधापासून निवडणुकीतल्या आश्वासनापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

संयोग आणि संभाव्यता हा विषयही मुलांना वर्ज्य मानला गेला नाही. नाणे दहा वेळा उडविले तर छाप आणि काटा पाच-पाच येतीलच असे नाही. एखाद्या गटाला आठ छापही येतील. परंतु सर्व वर्गाच्या फेकी एकत्र केल्या की दोहोंचे प्रमाण निम्म्या-निम्म्याकडे झुकू लागते. थोड्या अनुभवावरून घाईने निष्कर्ष काढू नये, हा धडा नीतिपाठ म्हणून न सांगता नाण्याच्या खेळातून शिकविला जात होता.

या सर्वांत कठीण परीक्षा होती ती शिक्षकाची. आजवर तो वर्गात उत्तरांचा धनी म्हणून उभा राहत होता. आता मुलाच्या प्रश्नापुढे ‘मलाही ठाऊक नाही, आपण करून पाहू’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला दाखवावे लागणार होते. त्यासाठी उन्हाळी सुटीत दीर्घ प्रशिक्षण-वर्ग भरत. तेथे शिक्षकाला व्याख्याने ऐकावी लागत नसत, मुलांप्रमाणेच गटात बसून प्रयोग करावे लागत. पुढे वर्षभर शिक्षकांच्या मासिक गोष्टी होत. कोणता प्रयोग फसला, का फसला, पुस्तकात कोठे दुरुस्ती हवी, याची तेथे मोकळी चर्चा चाले. शिक्षकांच्या अनुभवावरून पाठ बदलले जात. ज्याच्या हाती आजवर केवळ वरून आलेला अभ्यासक्रम ठेवला जात असे, त्या ग्रामीण शिक्षकाला अभ्यासक्रम घडविण्यात वाटा मिळाला, ही गोष्ट प्रयोगांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

आणि परीक्षा? परीक्षा जुनी ठेवून शिकविण्याची रीत नवी करणे म्हणजे बैल गाडीच्या मागे जुंपणे होय. हे ओळखून या शाळांसाठी निराळी परीक्षा शासनाने मान्य केली. लेखी परीक्षेस मुलांनी पुस्तक आणि वही खुशाल सोबत आणावी, अशी मुभा होती. कारण प्रश्नांची उत्तरे पुस्तकात शोधून सापडणारी नसत. न पाहिलेल्या आकडेवारीवरून आलेख काढणे, सदोष प्रयोगातील दोष दाखविणे, असे त्या प्रश्नांचे स्वरूप असे. याखेरीज प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा होई. कॉपी या शब्दाला तेथे अर्थच उरला नव्हता.

मुलांच्या मनात वर्गाबाहेरही प्रश्न येत. त्यांसाठी ‘सवालीराम’ नावाचा एक कल्पित मित्र निर्माण करण्यात आला. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तरे जात. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो विद्यार्थ्याचा अधिकार आहे, ही गोष्ट या पत्रव्यवहाराने मुलांच्या मनावर ठसविली.

सोळा शाळांतील अनुभव पाहून १९७८ साली हा अभ्यासक्रम संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्यातील दोनशेंहून अधिक शाळांना लागू झाला. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन कार्याची धुरा तिच्याकडे आली. पुढे देवास, उज्जैन अशा माळव्यातील जिल्ह्यांतही काही शाळांतून तो पोहोचला. अखेरच्या काळात अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळा व सुमारे एक लक्ष विद्यार्थी या पद्धतीने विज्ञान शिकत होते. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून, तीस वर्षे चाललेला असा उपक्रम देशात विरळाच.

२००२ साली तो संपला. जिल्हा नियोजन समितीने तो बंद करण्याचा ठराव केला आणि त्या वर्षीच्या जुलै महिन्यात राज्य शासनाने या शाळांतही सर्वसाधारण पाठ्यपुस्तके लावण्याचा आदेश काढला. विरोधकांचे म्हणणे असे की, या मुलांना माहिती कमी मिळते, पुढे दहावीच्या परीक्षेत ती मागे पडतात, आणि एकाच राज्यात दोन प्रकारचे विज्ञान कशासाठी? समर्थकांचे उत्तर असे की, दहावीच्या निकालाला अनेक कारणे असतात, योग्य तुलनेवाचून दोष एका विषयावर ढकलणे अशास्त्रीय आहे, आणि दहावीची परीक्षा ज्याची कसोटी घेते ते पाठांतरच आहे. देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी शासनास विनंती केली. परंतु निर्णय फिरला नाही. ज्या उपक्रमाने मुलांना ‘दुसरी बाटली’ ठेवावयास शिकविले, त्याचाच निकाल तशा बाटलीवाचून लागला, असे त्याच्या समर्थकांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

तथापि पालकांची चिंता हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. आपले मूल शेत सोडून नोकरीला लागावे, यासाठी ज्या बापाने त्याला शाळेत घातले, त्याला दहावीच्या गुणांची काळजी वाटणारच. आठवीपर्यंत शोधावयास लावून नववीत अचानक घोकावयास लावणारी व्यवस्था ही शिकविणाऱ्यांच्या हातची नव्हती. पण तिचा भार मुलांच्या खांद्यावर पडत होता. आर्मस्ट्राँगला जे उत्तर इंग्लंडमध्ये मिळाले तेच येथे मिळाले : वेळ फार, माहिती कमी. दोन्हीकडे खरा प्रश्न एकच होता, की शाळेने मुलाच्या हाती काय द्यावे. माहिती जुनी होते, पुस्तके बदलतात. आपल्या डोळ्यांनी पाहून, मोजून, तुलना करून मत बनविण्याची शक्ती मात्र एकदा आली की जन्माची सोबत करते. पण तिचे गुण गुणपत्रिकेत मांडण्याची रीत समाजाने अद्याप शोधलेली नाही.

उपक्रम बंद झाला, तरी त्याची बीजे वाऱ्याबरोबर दूरवर गेली. तेथे १९७८ साली येऊन काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीच्या आकृती बनविणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याची कला त्यांनी महाराष्ट्रातील घराघरांत नेली. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघाले. ग्वाल्हेरला आरंभ झालेली बाल-विज्ञान परिषदेची कल्पना निराळ्या मुळाची; पण तिचा आशय तोच. १९९३ पासून ती देशभर पसरली आणि आपल्या गावातील पाणी, कचरा, पिके यांवर मुलांचे गट स्वतः पाहणी करून अहवाल मांडू लागले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा जो पुरस्कार केला, त्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल; होशंगाबादच्या प्रयोगाला प्रारंभीच्या काळात त्यांचाही हातभार लागला होता.

आराखड्यातील वाक्ये वर्गात उतरण्यास मात्र शिक्षकच लागतो. त्याला मोठी प्रयोगशाळा नको. दोन बाटल्या, एक फडके, एक पट्टी आणि शेताच्या बांधावरचा एक तास एवढे पुरे. चाळीस मुलांची चाळीस निराळी मापे फळ्यावर मांडून, त्यांतील एकही न पुसता, ‘असे का झाले असेल?’ हा प्रश्न विचारण्याची तयारी तेवढी हवी. होशंगाबादच्या साध्या शाळांनी तीस वर्षे ती दाखविली. ती अन्यत्र दाखविता येणार नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.